लघु वाफ-इंजिनांची गुणवत्ता आणि विश्वासार्हता : सातारा-सांगली परिसरातील लोहमार्गांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय रेल्वेच्या इतिहासलेखनात बोरीबंदर ते ठाणे हा १८५३ चा पहिला प्रवास, भोर घाटाचे बांधकाम, ब्रिटिश भांडवल आणि वसाहतवादी हितसंबंध यांची विपुल चर्चा झालेली आहे. त्या मानाने अरुंद रुळांवरून धावणाऱ्या लहान गाड्या आणि त्यांना ओढणारी लहान वाफेची इंजिने यांच्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्षच झाले. लहान इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाची स्वस्त, दुबळी आणि तात्पुरती आवृत्ती, अशी समजूत या दुर्लक्षामागे असावी. छंद म्हणून तयार केल्या जाणाऱ्या इंजिनांच्या लघुप्रतिकृतींकडेही 'खेळणे' याच दृष्टीने पाहिले जाते.

दक्षिण महाराष्ट्रातील मिरज हे ही समजूत तपासून पाहण्यास योग्य असे ठिकाण आहे. सांगली जिल्ह्यातील या जंक्शनवर मीटरगेज आणि नॅरोगेज हे दोन लोहमार्ग १९२७ मध्ये एकत्र आले, आणि १९७१ च्या सुमारास पुण्याकडील मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर काही काळ तिन्ही मापांचे रूळ येथे नांदले. एकाच स्थानकावर तीन आकारांची इंजिने पाहण्याची संधी देणारी स्थानके देशात फारशी नव्हती. प्रस्तुत शोधनिबंधात मिरजेपर्यंत आलेल्या बार्शी लाइट रेल्वेला केंद्रस्थानी ठेवून लघु वाफ-इंजिनांच्या गुणवत्तेचा व विश्वासार्हतेचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सातारा-सांगली परिसरातील लोहमार्गांच्या पार्श्वभूमीवर बार्शी लाइट रेल्वेच्या इंजिनांमागील अभियांत्रिकी विचार समजून घेणे.
२) लहान इंजिनाची विश्वासार्हता कोणत्या घटकांवर अवलंबून होती याचा शोध घेणे.
३) लघुप्रतिकृतींच्या इतिहासातून या प्रश्नावर कोणता प्रकाश पडतो हे पाहणे.

'गुणवत्ता' आणि 'विश्वासार्हता' हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जातात. परंतु त्यांत भेद करणे आवश्यक आहे. उत्तम पोलाद, अचूक जोडणी, काटेकोर घडण ही गुणवत्तेची लक्षणे होत आणि ती कारखान्यात सिद्ध होतात. ठरलेला भार, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, दिवसेंदिवस पोहोचविणे ही विश्वासार्हता होय. तिची परीक्षा मार्गावर होते. एखादे इंजिन गुणवत्तेत श्रेष्ठ असूनही चुकीच्या रुळांवर, चुकीच्या पाण्यावर किंवा अननुभवी हातांत बेभरवशाचे ठरू शकते. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे.

१. सातारा-सांगलीचा लोहमार्ग :

सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली. तिने पुण्याहून दक्षिणेकडे मीटरगेज मार्ग टाकला. लोणंद, वाठार, कोरेगाव, कऱ्हाड या सातारा जिल्ह्यातील गावांजवळून हा मार्ग मिरजेस आणि तेथून बेळगाव-लोंढ्याकडे गेला. मिरज-कोल्हापूर हा फाटा १८९१ मध्ये सुरू झाला. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली. मीटरगेजच्या रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर असते. ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटरच्या तुलनेत हे माप लहान असले, तरी लोणंद-वाठार दरम्यानचा आदर्कीचा घाट चढण्याचे काम त्याच मापाच्या इंजिनांनी अनेक दशके केले.

या मार्गाच्या कडेला यंत्रविद्येची एक संस्कृतीही रुजली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसविली. सातारा रोड येथे १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा अनुभव येथे उद्बोधक आहे. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी प्रारंभी तो नांगर घेण्यास तयार नव्हते. नांगराची गुणवत्ता पहिल्या दिवसापासून होती. त्याच्यावरील विश्वास मात्र काही हंगाम उलटल्यावर, शेजाऱ्याच्या शेतातील अनुभव पाहून निर्माण झाला. यंत्राची विश्वासार्हता ही अशी सामाजिक अनुभवातून सिद्ध होणारी गोष्ट आहे. रेल्वेचे इंजिनही या नियमाला अपवाद नव्हते.

२. बार्शी लाइट रेल्वे आणि पाच टनांचे सूत्र :

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील कापूस व धान्याच्या व्यापाराचे महत्त्वाचे गाव. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग मात्र या गावापासून दूर, बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीवरून गेला होता. हे अंतर रेल्वेने जोडण्याची कल्पना एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (१८५७-१९२७) या इंग्रज अभियंत्याने प्रत्यक्षात आणली. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात उमेदवारी केलेला हा अभियंता १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आला होता. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे २२ मैलांचा मार्ग सुरू झाला. रुळांमधील अंतर होते २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

कॅल्थ्रॉपच्या विचाराचे वैशिष्ट्य असे की, त्याने इंजिनापासून सुरुवात न करता रुळापासून केली. लहान गावांना परवडणारा मार्ग हवा तर रूळ हलके हवेत. त्याने यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे रूळ निवडले. अशा रुळावर किती भार टाकता येईल, याची मर्यादा त्याने एका ॲक्सलला पाच टन अशी ठरविली. हीच मर्यादा इंजिन, प्रवासी डबा आणि मालडबा या तिन्हींना समान लागू केली. मालडबा चार ॲक्सलचा असेल तर मालासह त्याचे वजन वीस टनांपर्यंत जाऊ शकते. इंजिन सहा ॲक्सलचे असेल तर ते तीस टनांपर्यंत नेता येते. हिशेब साधा होता. पण त्या काळातील अनेक हलक्या मार्गांवर तो पाळला जात नसे. इंजिन जड आणि डबे हलके, अशा विषम रचनेत संपूर्ण मार्ग केवळ इंजिनाच्या भारासाठी मजबूत करावा लागे आणि त्या मजबुतीचा उपयोग उरलेली गाडी करून घेत नसे.

या सूत्रातूनच बार्शीच्या पहिल्या इंजिनांचा आकार ठरला. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेली ही 'ए' वर्गाची इंजिने ०-८-४ या रचनेची होती. या संकेतातील मधला आकडा एकमेकांना जोडलेल्या, ओढकाम करणाऱ्या चाकांचा असतो. आठ जोडलेली चाके म्हणजे चार ॲक्सल. त्यांच्यावर पाच टनांच्या मर्यादेत एकूण वीस टनांपर्यंत भार देता येतो आणि रुळावरची पकड त्या भारावर अवलंबून असते. मागील चार चाकांची बोगी कोळसा व पाण्याचा उरलेला भार पेलत असे. थोडक्यात, ओढण्याची ताकद वाढविण्यासाठी इंजिन जड न करता त्याची चाके वाढविली गेली. लीड्स फोर्ज कंपनीच्या दाबीव पोलादी सांगाड्यांमुळे डब्यांचे स्वतःचे वजनही कमी राहिले.

ही सामग्री भारतात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून तिची जाहीर चाचणी घेण्यात आली. भारतातील एका तालुक्याच्या गावासाठी बनविलेली गाडी इंग्लंडमध्ये अशी पारखली जावी, ही घटना लक्षणीय आहे. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडमध्येच सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या लहान मार्गाची आखणी करताना कॅल्थ्रॉपने बार्शीचेच माप आणि बार्शीचाच अनुभव वापरला. तंत्रज्ञान नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, या सर्वसाधारण गृहीताला हा एक अपवाद म्हणावा लागेल.

३. पंढरपूर, मिरज आणि विश्वासार्हतेची कसोटी :

बार्शी लाइट रेल्वेचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. एकूण लांबी सुमारे २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर झाली. सांगली जिल्ह्यात हा मार्ग कवठे महांकाळ, ढालगाव या दुष्काळी टापूतून जात असे. मिरज जोडले गेल्यामुळे सातारा, कोल्हापूर, बेळगावकडील वारकऱ्यास मीटरगेजने मिरजेपर्यंत आणि तेथून बार्शी लाइटने पंढरपूरपर्यंत जाणे शक्य झाले.

येथे इंजिनाच्या विश्वासार्हतेची खरी कसोटी लागते. वर्षभर मोजक्या प्रवाशांची ने-आण करणाऱ्या मार्गावर आषाढी-कार्तिकीला अचानक प्रचंड गर्दी लोटते. एकेरी मार्गावर एक इंजिन बंद पडले तर मागची-पुढची सर्व वाहतूक थांबते आणि एकादशी कोणासाठी थांबत नाही. व्यापाऱ्याचा माल एक दिवस उशिरा पोहोचला तर तोटा होतो. वारकऱ्याची तिथी चुकली तर वारीच चुकते.

वाफेच्या इंजिनाचा भरवसा प्रामुख्याने तीन गोष्टींवर असतो : पाणी, कोळसा आणि माणूस. यांपैकी पाणी हा दख्खनच्या पठारावर सर्वांत कठीण प्रश्न होय. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यामुळे बॉयलरच्या आतील पृष्ठभागावर चुनखडीचा थर साचतो. हा थर उष्णता अडवितो. त्यामुळे कोळसा अधिक जळतो आणि धातू अवाजवी तापून त्याचे आयुष्य घटते. उपाय एकच, ठरावीक मुदतीने बॉयलर थंड करून तो धुऊन काढणे. म्हणजे विश्वासार्ह सेवेसाठी काही इंजिने नेहमी शेडमध्ये उभी ठेवणे भाग असते. लहान कंपनीजवळ इंजिनेच थोडी असल्याने हा हिशेब तिला अधिक जाचक ठरतो.

लहान इंजिनाचा बॉयलरही लहान असल्याने चूक पोटात घालण्याची त्याची क्षमता कमी असते. मोठ्या बॉयलरमध्ये पाण्याचा साठा मोठा असतो; फायरमनचे काही क्षण दुर्लक्ष झाले तरी पातळी लगेच घसरत नाही. लहान बॉयलरमध्ये ती झपाट्याने उतरते. अग्निपेटीच्या माथ्यावरचे पाणी कमी झाल्यास तेथे बसविलेली शिशाची गुडदी वितळते आणि वाफ थेट आगीवर येते. इंजिन वाचते, पण गाडी जागीच उभी राहते. म्हणून लहान इंजिनावरील फायरमनचे काम मोठ्या इंजिनावरील कामापेक्षा हलके असले, तरी अधिक सावधपणाचे होते.

स्वतःच्या अंगावरच पाणी वाहणाऱ्या टँक इंजिनाची आणखी एक अडचण असते. पाणी संपत जाते तसे वजन घटते आणि पकडही घटते. पंढरपूर-मिरज या लांब व पाण्याच्या दृष्टीने प्रतिकूल टापूचा विचार करता, पुढील काळात या मार्गासाठी नॅस्मिथ विल्सन, बॅग्नल यांसारख्या ब्रिटिश कारखान्यांकडून स्वतंत्र टेंडर असलेली २-८-२ रचनेची इंजिने घेतली गेली, हे सुसंगतच वाटते. कुर्डुवाडी येथील कंपनीच्या स्वतःच्या कार्यशाळेचे महत्त्वही याच संदर्भात ध्यानी घ्यावे लागते. सुटा भाग इंग्लंडहून येण्यास महिने लागत असताना, तो येथेच ओतून, कातून, बसवू शकणारा फिटर हाच विश्वासार्हतेचा खरा आधार होता.

४. लघुप्रतिकृतींचा धडा :

लहान इंजिन ही मोठ्या इंजिनाची आक्रसलेली प्रत नव्हे, हे तत्त्व छंद म्हणून बनविल्या जाणाऱ्या वाफेच्या प्रतिकृतींत अधिक ठळकपणे दिसते. समजा, एका इंजिनाची सर्व मापे बारापट लहान केली. लांबी बाराव्या हिश्श्यावर येईल. पण पृष्ठफळ १४४ व्या आणि घनफळ १,७२८ व्या हिश्श्यावर येईल. याचा अर्थ, पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे उष्णता गमावणारा पृष्ठभाग मूळ इंजिनाच्या बारापट होतो आणि प्रतिकृती झपाट्याने थंड होते. वाफेचा दाब मूळ इंजिनाइतकाच ठेवला तर ओढ १४४ व्या हिश्श्यावर येते, वजन मात्र १,७२८ व्या. म्हणून चाके जागीच घसरतात. बॉयलरमधील नळ्या प्रमाणात बारीक केल्या तर त्या राखेने तुंबतात. परिणामी चांगला कारागीर नळ्या कमी पण जाड ठेवतो, दाब उतरवितो आणि प्रमाणबद्धतेचा मोह आवरतो.

इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात याच प्रश्नावर गाजलेला वाद झाला. बॅसेट-लोक या प्रसिद्ध प्रतिकृती-उत्पादकांच्या बाजूचे लोक लहान इंजिनासाठी स्पिरिटच्या दिव्यावर तापणारा बॉयलर पुरेसा मानीत. 'एल.बी.एस.सी.' या नावाने 'मॉडेल इंजिनिअर' नियतकालिकात लिहिणाऱ्या लॉरेन्स या कारागिराने मात्र अडीच इंच मापाच्या रुळावर धावणारे, कोळशावर चालणारे 'आयेशा' हे इंजिन बनवून त्यामागे माणसे ओढून दाखविली. त्याचा विजय दिखाऊ घडणीचा नव्हता. बॉयलर, अग्निपेटी आणि वाफेचे मार्ग यांचा त्या आकाराला साजेसा मेळ त्याने घातला होता. कॅल्थ्रॉपने बार्शीत जे केले, तेच लॉरेन्सने मेजावरच्या आकारात केले.

महाराष्ट्रातही हा छंद अपरिचित नाही. पुण्यात १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील गाड्या विजेवर चालतात. वाफेच्या इंजिनाचे तेथे रूप असते, बॉयलर नसतो. तरीही विश्वासार्हतेचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ जागा बदलतो. विजेवरील प्रतिकृतीत रूळ आणि चाक यांच्यामधून वीज जात असल्याने धुळीचा पातळ थरही गाडी थांबविण्यास पुरेसा असतो. बॉयलर धुण्याच्या जागी येथे रूळ पुसणे येते. देखभालीचे महत्त्व मात्र तेवढेच राहते.

माथेरानच्या दोन फूट मापाच्या मार्गावरही १९०७ पासून हाच धडा गिरविला गेला. जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीने तेथील तीव्र वळणांसाठी बाजूला सरकू शकणाऱ्या ॲक्सलची इंजिने दिली. सपाटीवरचे बार्शीचे इंजिन माथेरानला आणि माथेरानचे बार्शीला निरुपयोगी ठरले असते. आपापल्या मार्गावर मात्र दोन्ही भरवशाची होती.

५. लहानपणाची मर्यादा :

लघु इंजिनांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. पुढे वाफेची जागा डिझेलने घेतली. मापे भिन्न असल्याने मिरज आणि कुर्डुवाडी येथे मालाचा चढउतार करावा लागे. वेळ, मजुरी आणि नुकसान यांचा भार व्यापाऱ्यावर पडे. रस्तावाहतूक वाढताच हा तोटा असह्य झाला. सन २००० नंतर टप्प्याटप्प्याने संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज करण्यात आला आणि मिरज-पंढरपूर हा टप्पा २०१० च्या सुमारास पूर्ण झाला.

या रूपांतराची अपरिहार्यता एका घटनेने स्पष्ट होते. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी पाठविण्यात आले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले. म्हणजे एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, केवळ पाण्याचे वजन पन्नास टन. कॅल्थ्रॉपच्या पाच टनांच्या सूत्रानुसार चार ॲक्सलची वाघीण स्वतःच्या वजनासह वीस टनांपुढे जाऊ शकली नसती. ज्या दिशेने लहान इंजिने जपून पाणी वापरीत धावली, त्याच दिशेने लातूरची तहान भागविण्याचे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. इंजिने अविश्वासार्ह होती म्हणून मार्ग बदलला नाही; समाजाची गरज त्या सूत्राच्या पलीकडे गेली म्हणून तो बदलला.

निष्कर्ष :

१) लघु वाफ-इंजिनाची गुणवत्ता त्याच्या आकारावरून ठरविता येत नाही. रूळ, भार, पाणी आणि वळण यांच्याशी त्याचा मेळ किती अचूक आहे, हाच तिचा निकष होय.

२) विश्वासार्हता हा इंजिनाचा एकट्याचा गुण नाही. बॉयलर वेळेवर धुणारा शेडमधील कामगार, पाण्याच्या काचेवर नजर ठेवणारा फायरमन आणि सुटा भाग येथेच घडविणारा फिटर हे त्या विश्वासार्हतेचे भागीदार होते. इतिहासात कॅल्थ्रॉपचे नाव राहिले, या भागीदारांचे राहिले नाही.

३) बार्शी लाइट रेल्वे हा केवळ वसाहतकालीन प्रयोग नव्हता, मोठ्या मार्गाने वगळलेल्या गावांना परवडणारी सेवा कशी द्यावी, या प्रश्नाचे ते विचारपूर्वक दिलेले उत्तर होते.

४) जुने इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभे केल्याने त्याचे बाह्यरूप जतन होते, ते चालविण्याचे ज्ञान जतन होत नाही. मिरज, कुर्डुवाडी, सांगली आणि सातारा येथील निवृत्त रेल्वे कामगारांच्या आठवणी, त्यांच्याजवळील नोंदवह्या आणि हत्यारे यांचे संकलन परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेणे आवश्यक आहे. वाफेच्या इंजिनावर प्रत्यक्ष काम केलेली पिढी आता वार्धक्यात आहे. अरुंद रूळ उखडले गेले आहेत. त्या रुळांवर गाडी वेळेवर कशी धावत असे, हे सांगू शकणारी माणसे हयात असेपर्यंतच हे काम होऊ शकते.